लॅपटॉपवर तर चालत होतं!

इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या कुठल्याही ग्रुपला विचारा, डेमोच्या दिवशी सगळ्यात जास्त वेळा बोललं जाणारं वाक्य कुठलं? ‘सर, लॅपटॉपवर तर चालत होतं!’ हे वाक्य आमच्याही ग्रुपने म्हटलंय. फक्त आम्ही ते एक्स्टर्नलसमोर नाही म्हटलं. त्याहून अवघड माणसासमोर म्हटलं, भोसरी एमआयडीसीतल्या एका छोट्या वर्कशॉपच्या मालकासमोर.

हे मालक आमच्यातल्या एकाचे काका, त्यामुळे आम्हा चौघांचेही काकाच. चार सीएनसी मशीन, दोन शिफ्ट, दहा-बारा माणसं. पिंपरीत टाटा मोटर्स, आकुर्डीत बजाज, चाकणला महिंद्रा, मर्सिडीज, २००९ पासून फोक्सवॅगन, ही मोठी नावं आपल्याला बसच्या खिडकीतून दिसतात. पण गाड्यांमधला बारीकसारीक माल भोसरी-चिंचवडच्या अशा गाळ्यांमधून फिरत फिरत पुढे जातो. काकांकडे स्टीलचे बार येतात. प्रत्येक बारचा एक हीट नंबर असतो, म्हणजे ते पोलाद भट्टीतल्या कुठल्या घाण्याचं आहे त्याचा नंबर. बारच्या पिना होतात, त्या हीट ट्रीटमेंटला बाहेर जातात, तिथून प्लेटिंगला आणि मग चलन करून दोन-तीन कंपन्यांना. त्या कंपन्या पिना आपल्या असेंब्लीत बसवतात आणि असेंब्ली आणखी पुढे पाठवतात.

काकांचं म्हणणं साधं होतं. ‘उद्या फोन आला की अमुक हीटचं मटेरियल खराब निघालं, तर माझा माल कुठे कुठे गेला हे मला दहा मिनिटांत सांगता आलं पाहिजे. आत्ता दोन दिवस रजिस्टरं उपसावी लागतात.’

हा प्रश्न फक्त काकांच्या सोयीचा नाही. २०१९ च्या मोटार वाहन सुधारणा कायद्याने सदोष गाड्या परत बोलावण्याचा आदेश देण्याचा अधिकार सरकारला दिला. गाडी परत बोलवायची तर आधी कुठली बोलवायची ते कळायला हवं. आणि त्याचं उत्तर मोठ्या कंपनीच्या चकचकीत ऑफिसात जितकं असतं तितकंच काकांच्या तेलकट रजिस्टरात असतं.

आम्हाला प्रोजेक्ट हवाच होता. हा तर हातात आयता आला. आणि आमच्यातल्या एकीने नुकताच ग्राफ डेटाबेसवरचा एक ऑनलाइन कोर्स केला होता, त्यामुळे तंत्रज्ञानही ठरलं.

ग्राफ म्हटलं की डोळ्यांसमोर एक्स-वाय अक्ष आणायचा नाही. मेट्रोचा नकाशा आणायचा. स्टेशन म्हणजे बिंदू, दोन स्टेशनांमधला रूळ म्हणजे दुवा. पीसीएमसीहून स्वारगेटला जाणारी आणि वनाजहून रामवाडीला जाणारी अशा दोन लाइन जिल्हा न्यायालयाच्या स्टेशनवर एकमेकींना छेदतात. ‘जिल्हा न्यायालयापासून एका स्टेशनावर काय काय आहे?’ असं विचारलं की ग्राफ डेटाबेस त्या बिंदूवर उभा राहतो, चारही दुव्यांवरून एकेक पाऊल टाकतो आणि सांगतो : शिवाजीनगर, कसबा पेठ, पुणे महानगरपालिका, मंगळवार पेठ. नेहमीच्या टेबलांमध्ये हेच काम जॉइनवर जॉइन लावून करावं लागतं आणि पाचव्या-सहाव्या पावलाला क्वेरी वाचवत नाही. आमच्याकडे स्टेशनांच्या जागी हीट, बॅच, चलन आणि पार्टी होती. हीट नंबरवर उभं राहायचं आणि दुव्यांवरून चालत जिथे जिथे पोहोचता येतं तिथे तिथे जायचं. बास, ट्रेस झाला.

क्वेरी लिहिल्या ग्रेमलिन भाषेत. ही अपाची टिंकरपॉप या ओपन सोर्स प्रकल्पाची भाषा. त्याच प्रकल्पात टिंकरग्राफ नावाचा एक चिमुकला ग्राफ येतो, जो नुसत्या मेमरीत राहतो. इन्स्टॉल करायची भानगड नाही, सुरू करा आणि वापरा. आम्ही महिनाभर त्यावरच काम केलं. चाळीसेक टेस्ट लिहिल्या, सगळ्या हिरव्या. गाइड मॅडम खूश.

पण मेमरीतला ग्राफ लॅपटॉप बंद केला की गेला. काकांना डेटा टिकायला हवा होता. म्हणून खऱ्या वापरासाठी घेतला जानुसग्राफ. याची वंशावळ मजेशीर आहे. २०१२ मध्ये टायटन नावाचा ओपन सोर्स ग्राफ डेटाबेस आला. तो बनवणारी ऑरेलियस ही कंपनी २०१५ मध्ये डेटास्टॅक्सने विकत घेतली, टायटनचं काम थंडावलं, आणि २०१७ मध्ये त्याच कोडपासून लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली जानुसग्राफ उभा राहिला. जानुस हा दोन तोंडांचा रोमन देव. नाव किती शोभतं ते आम्हाला पुढे कळलं.

जानुसग्राफ स्वतः डिस्कवर काही साठवत नाही. तो आहे काउंटर. गोडाऊन कुणाचं वापरायचं ते तुम्ही ठरवायचं. छोट्या कामाला बर्कलेडीबी, पसारा मोठा असेल तर कॅसँड्रा किंवा एचबेस. कॅसँड्रा फेसबुकमध्ये अविनाश लक्ष्मण आणि प्रशांत मलिक या दोघांनी बनवला आणि २००८ मध्ये सर्वांसाठी खुला झाला. एचबेस गुगलच्या बिगटेबलच्या धर्तीवर बेतलेला. या गोडाऊनलाच स्टोरेज बॅकएंड म्हणतात. जाहिरात अशी की क्वेरी तीच राहते, मागचं गोडाऊन बदललं तरी काउंटरवरच्या माणसाला पत्ता लागत नाही. आम्ही ही जाहिरात अगदी मनापासून खरी मानली. कॅसँड्रा घेतला, कारण रिझ्युमेवर छान दिसतो. (खोटं कशाला बोला.)

पहिला दणका लगेच बसला. टिंकरग्राफमध्ये आम्ही बिंदूची ओळख म्हणून सरळ हीट नंबरच देत होतो. जानुसग्राफ डीफॉल्ट सेटिंगमध्ये ओळख क्रमांक स्वतः देतो, तुमचा घेत नाही. अर्धा कोड धडाधड लाल झाला. ही चूक मला आता फार प्रेमळ वाटते. ती ओरडली, आम्ही दुरुस्त केली, विषय संपला.

दुसरी चूक ओरडली नाही. ‘या हीटचं शेवटचं चलन कुठलं?’ या क्वेरीत आम्ही यादीतलं शेवटचं नाव उचलत होतो. टिंकरग्राफमध्ये चलनं ज्या क्रमाने भरली त्याच क्रमाने परत यायची. तसं वचन कुणी दिलं नव्हतं, डेटा छोटा होता म्हणून जमून जात होतं. जानुसग्राफ एका बिंदूचे दुवे स्वतःच्या सोयीच्या क्रमाने लावून ठेवतो. त्यामुळे ‘शेवटचं’ म्हणून कुठलंही मधलंच चलन यायला लागलं. मेट्रोवर परत या. जिल्हा न्यायालयाशेजारचं एक स्टेशन सांग, म्हटलं तर चारांतलं कुठलंही सांगितलं तरी उत्तर बरोबरच आहे. क्रम हवा असेल तर क्वेरीत तसं म्हणावं लागतं. आम्ही म्हटलं नव्हतं. दोष कॅसँड्राचा नाही आणि जानुसग्राफचाही नाही.

तिसरी गंमत पार्टीच्या नावाच्या शोधाची. अर्धवट नाव टाकलं तरी सापडावं म्हणून बाजूला इलॅस्टिकसर्च जोडला होता. त्याची रीत अशी की नवी नोंद डीफॉल्टला साधारण एका सेकंदाने शोधात दिसायला लागते. आमची टेस्ट नोंद करायची आणि त्याच क्षणी शोधायची. कधी हिरवी, कधी लाल. रात्री दीड वाजता आम्ही तिच्यात दोन सेकंदांचा स्लीप टाकला आणि झोपलो. असं करू नका. ‘दिसेपर्यंत ठरावीक वेळ थांबून पुन्हा पुन्हा बघ, नाहीच दिसलं तर लाल हो’ असं लिहिणं दहा ओळींचं काम आहे. तोच डोळस मार्ग आहे.

आता मुख्य गोष्ट. काकांकडे ट्रायल. त्यांनी मुद्दाम एक जुनी हीट निवडली. आम्ही नंबर टाकला, बटण दाबलं, एका क्षणात उत्तर : सात चलनं. आम्ही एकमेकांकडे बघून हसलो. काकांनी चष्मा वर केला.

‘सात? अकरा होती. अकराच्या अकरा चलनांवर माझी सही आहे.’

कुठेही एरर नाही, लाल अक्षरं नाहीत. स्वच्छ, सुबक, चुकीचं उत्तर. तेव्हा आमच्या तोंडून ते वाक्य गेलं.

काका चिडले नाहीत. उलट मशीनपाशी घेऊन गेले. ‘हे बघ, ही पिन या मशीनवर पास झाली म्हणून शेजारच्या मशीनवर पास धरायची का? मशीन बदललं, टूल बदललं, शिफ्ट बदलली की पहिला पीस परत मोजायचा. ड्रॉइंग तेच असतं रे, मशीन तेच नसतं.’

झालं काय होतं? जुना डेटा दोघांनी भरला होता. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर काकांचा मुलगा, खाली मोबाइलवर सुपरवायझर. दोघांनी एकाच सुमारास त्याच हीटची पहिली नोंद केली. आमचा प्रोग्रॅम आधी विचारायचा, ‘हा हीट नंबर आहे का?’ दोघांनाही उत्तर मिळालं, ‘नाही.’ दोघांनीही नवा बिंदू तयार केला. कॅसँड्रा मुळातच अशी बांधलेली आहे की लिहिणाऱ्याला शक्यतो अडवायचं नाही. तिने दोन्ही नोंदी निमूटपणे घेतल्या. मग काही चलनं एका बिंदूला जोडली गेली, काही दुसऱ्याला. ट्रेस काढताना आमचा कोड त्या नंबरचा जो पहिला बिंदू मिळेल तो उचलायचा आणि पुढे चालू लागायचा. त्या बिंदूवरून सातच चलनांना वाट होती. उरलेली चार डेटाबेसमध्ये सुखरूप होती, फक्त तिथे जाणारा रस्ता आम्ही धरलाच नव्हता.

ही हीट खरोखर खराब असती तर? चार चलनांचा माल कुणाच्या तरी गाडीत बसून नाशिक हायवेला लागला असता आणि आमचं सॉफ्टवेअर म्हणालं असतं, सगळा माल सापडला. रजिस्टर निदान दोन दिवस घेतं पण अर्धवट उत्तर छातीठोकपणे देत नाही.

लाज वाटली तरी एक दिलासा होता. ही अडचण आमच्याच नशिबी आलेली नव्हती. जानुसग्राफच्या अधिकृत माहितीतच लिहिलेलं आहे की कॅसँड्रासारख्या गोडाऊनवर एखादी गोष्ट एकमेवच असायला हवी असेल तर त्या इंडेक्सवर लॉक तुम्हाला स्वतः चालू करावं लागतं. तिथेच ‘घोस्ट व्हर्टेक्स’चाही उल्लेख आहे. एकाने बिंदू पुसला, त्याच वेळी दुसऱ्याने त्यात बदल केला, दोघांचंही काम ‘यशस्वी’ झालं, तर पुसलेला बिंदू अर्ध्यामुर्ध्या अवस्थेत शिल्लक राहतो. चक्क भूत! आम्ही ते पान उघडलंही नव्हतं. ‘सुरुवात कशी करावी’च्या पुढे कोण जातं?

मग आम्ही बघायला गेलो की हे प्रकल्प स्वतःची टेस्टिंग कशी करतात, आणि तिथे मला सेमिस्टरभराच्या लेक्चर्सपेक्षा जास्त शिकायला मिळालं. जानुसग्राफमध्ये टेस्टचा एक भलामोठा सामायिक क्लास आहे. त्यात क्वेरी, इंडेक्स, व्यवहार अशा सगळ्याच्या टेस्ट एकदाच लिहिलेल्या आहेत, कुठल्या गोडाऊनवर चालायचं हे न ठरवता. मग प्रत्येक बॅकएंडचं मॉड्यूल त्या क्लासला एक्स्टेंड करतं आणि म्हणतं, ग्राफ कसा उघडायचा ते मी सांगतो, बाकी परीक्षा तीच घ्या. ऑब्जेक्ट ओरिएंटेडमधलं इनहेरिटन्स आपण ‘प्राणी आणि कुत्रा’ या उदाहरणावर संपवतो. हा त्याचा खरा उपयोग. ड्रॉइंग एक, आणि प्रत्येक मशीनवर पहिला पीस मोजायचा.

टिंकरपॉपची पद्धत तर आणखी आवडली. त्यांच्या बऱ्याच टेस्ट साध्या इंग्रजी वाक्यांत लिहिलेल्या असतात. सहा बिंदू आणि सहा दुव्यांचा एक छोटा नमुना ग्राफ घ्या, ही क्वेरी चालवा, उत्तर असं यायला हवं. गंमत शेवटच्या वाक्यात आहे. उत्तर ठरलेल्या क्रमानेच यायला हवं की कुठल्याही क्रमाने आलं तरी चालेल, हे तिथे स्पष्ट लिहावं लागतं. मधलं काही नाही. ही एक सवय आम्हाला असती तर शेवटच्या चलनाचा घोळ झालाच नसता. एखाद्या डेटाबेसला एखादी टेस्ट जमणारीच नसेल तर तिच्यातून सूट घेता येते, पण सूट का घेतली त्याचं कारण कोडमध्ये लिहून. आम्ही काय करायचो? टेस्ट लाल झाली की कमेंट करून टाकायचो आणि विसरायचो.

तुमच्यातलं कुणीतरी म्हणेल, डेटाबेसच्या जागी मॉक लावून टेस्ट केली तर? मॉक म्हणजे आपणच पाळलेला पोपट. आपल्याला कॅसँड्रा जितकी समजली तितकंच तो बोलणार. आम्हाला ती समजलीच नव्हती. २०२४ च्या एप्रिलमध्ये जीक्यूएल ही ग्राफ क्वेरींची आंतरराष्ट्रीय प्रमाण भाषा आयएसओने जाहीर केली, ही चांगलीच गोष्ट आहे; पण भाषा प्रमाण झाली म्हणून क्वेरी खऱ्या गोडाऊनवर चालवून बघायचं काम वाचत नाही.

आणि हे करायला लॅबच्या परवानगीची गरज नाही. डॉकर आणि टेस्टकंटेनर्स ही लायब्ररी मिळून टेस्ट सुरू होताना खराखुरा कॅसँड्रा किंवा इलॅस्टिकसर्च उभा करतात आणि टेस्ट संपली की मोडून टाकतात. पूर्वी या कामासाठी सीनिअरच्या हातापाया पडून सर्व्हर मागावा लागायचा. अर्थात आठ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर कॅसँड्रा उठवली की पंखा असा ओरडतो की रूममेट जागा होतो, आणि ती उठायलाही बराच वेळ घेते. म्हणून आम्ही दोन ढीग केले. कोडला हात लावला की लगेच चालतात त्या टेस्ट टिंकरग्राफवर. कोड पुश केला की गिटहबच्या मशीनवर तोच सगळा संच कॅसँड्रा आणि बर्कलेडीबी दोन्हींवर. आपण चहाला जायचं.

डेटाबद्दलचा धडाही लक्षात ठेवा. आमच्या टेस्टमधली हीट कायम एकच, चलनं दोन, नावं ‘एबीसी’ आणि ‘एक्सवायझेड’. अशा डेटावर कुठलंही गोडाऊन शहाणंच वागतं. आम्ही काकांच्या रजिस्टरची नावं बदलून एक नमुना तयार केला. त्यात मराठीत लिहिलेली पार्टी होती, एकाच दिवशीची पाच चलनं होती, परत आलेला माल होता, हीट नंबरच्या मधे चुकून पडलेली स्पेस होती. त्या एका नमुन्याने आधीच्या चाळीस टेस्टपेक्षा जास्त चुका पकडल्या.

दुहेरी नोंदीची टेस्ट लिहायला आम्ही घाबरत होतो. दोन माणसं एकाच क्षणी बटण दाबतात हे टेस्टमध्ये कसं आणायचं? थ्रेड, टायमिंग, सगळा नशिबाचा खेळ वाटत होता. प्रत्यक्षात युक्ती साधी निघाली. एकाच टेस्टमध्ये दोन व्यवहार उघडायचे. पहिल्यात विचारायचं, हीट आहे का? नाही. दुसऱ्यातही विचारायचं. नाही. मग दोन्हींत बिंदू घालायचा आणि एकामागून एक दोन्ही कमिट करायचे. नशिबाला जागाच नाही. साध्या टिंकरग्राफवर ही टेस्ट लिहिताच येत नाही, कारण त्याला व्यवहार हा प्रकारच माहीत नाही. महिनाभर ज्याच्या हिरव्या टिकांवर आम्ही खूश होतो, त्याला हा प्रश्न विचारण्याची सोयच नव्हती.

कॅसँड्रावर टेस्ट चालवली. लाल. आयुष्यात पहिल्यांदा लाल टेस्ट बघून चौघांनी टाळ्या दिल्या. मग हीट नंबरच्या इंडेक्सला ‘एकमेव’ केलं, त्यावर लॉक चालू केलं, आणि लॉकमुळे मागे राहिलेल्याला ‘पुन्हा प्रयत्न कर’ असं सांगणारा कोड लिहिला. हिरवी. जुना डेटा पुसून परत भरला, तीच हीट टाकली. अकरा.

काकांना दाखवायला गेलो तेव्हा प्रामाणिकपणे सांगितलं की लॉकमुळे नवी हीट टाकताना थोडा जास्त वेळ लागेल.

‘किती?’

‘सेकंदाचा दहावा भाग, काका. कधी थोडा जास्त.’

काकांनी ऑफिसात बसलेल्या मुलाकडे बघितलं. ‘याला रजिस्टरात लिहायला पेन सापडेपर्यंत चहा गार होतो,’ म्हणाले, आणि खिशातून चिठ्ठी काढून दुसऱ्या हीटचा नंबर वाचायला लागले.